पावाच्या दुकानाचा फोटो

माय, तू लातुरात पोरांची मेस चालवायचीस तेव्हा एखादा पोरगा ताट घेऊन खोलीत जाऊन जेवू लागला, की तुझा जीव थाऱ्यावर नसायचा. त्याला काही विचारायची न्हाईस. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं लसणाची परडी सरकवायचीस, एवढा सोलून दे रे बाबा, माझी बोटं चुरचुरतात म्हणून. तू तर तव्यावरची भाकरी हातानं उलटायचीस! हात गुंतले की तोंड सुटतं, असं तुझं म्हणणं.

तुझी नात यंदा डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेसाठी वर्ष रिपीट करतेय. तीही ताट घेऊन खोलीत जाऊ लागली, अन् मी मेली कौतुक करत बसले, पोरगी अभ्यासाला लागली म्हणून. मग एकदा ती मोबाईल बघून हसली. मी डोकावून पाहिलं, तर एका म्हाताऱ्याला चौघंजण मारतायत अन् खाली हसऱ्या तोंडांची रांग. मोबाईल आपटावा वाटला, खरं सांगते. पण तू आठवलीस. परडी घेऊन तिच्याजवळ बसले.

लसूण सोलता सोलता बोलली. मोबाईलवरच्या एका ग्रुपात आधी नुसते विनोदाचे व्हिडिओ होते. मार्क कमी पडले तेव्हा त्या ग्रुपमधला एक दादा रोज विचारायचा, जेवलीस का. आम्ही घरचे फक्त मार्क विचारत होतो, माय. मग त्यानं दुसऱ्या ग्रुपात घेतलं, घरी सांगायचं नाही या बोलीवर. तिथं मारणाऱ्यांना वीर म्हणतात. परवा त्यानं गल्लीतल्या 'त्यांच्या' दुकानांचे फोटो मागितले, अन् ही चाचांच्या बेकरीपुढं जाऊन उभी राहिली. तुझ्या मेसला पाव द्यायचे तेच चाचा.

"पाठवलास?" मी परडी बाजूला सारून विचारलं.

"काढला. पण चाचांना वाटलं, मी हौसेनं काढतेय. टोपी नीट केली त्यांनी अन् हसले. मग न्हाई पाठवता आला, मम्मी."

रडलो दोघी. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या सायबर शाखेत जाऊन सगळं दाखवून आलो. तो दादा कोण, कुठला, अजून कळलेलं नाही. ती आता स्वयंपाकघरातच जेवते, अन् घरात सोललेला लसूण लई झालाय.

हे लिहिलेलं परडीखाली ठेवते, तू गेल्यापासून तुझी जागा तीच. एक मात्र सांगायचं राहिलं. काल पाव आणायला गेले, तर चाचांनी विचारलं, "बिटियाने फोटू निकाला था, कैसा आया?" मी म्हणाले, हलला.