अतल्याची नोंद

५ जून

तीर्थस्वरूप काकांस पुतणीचा नमस्कार, वि. वि.

आधी रविवारी तुमच्या घरी काय घडलं ते:

१. तुम्ही चहा कपाऐवजी साखरेच्या डब्यात ओतलात.
२. दोष डब्याला दिलात.
३. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे ढकललीत. डॉक्टरांना कारण सांगितलंत की एक शब्द अडलाय.

तुम्ही रचत असलेला अरामी या प्राचीन भाषेचा अख्खा कोश एका शब्दापाशी अडतो, हे मला पटलेलं नाही. मी तारांगणातली यंत्रं दुरुस्त करते. यंत्र अडलं की कुठे अडलं ते दाखवता येतं. तुम्हीही दाखवा.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.

९ जून

चि. पाना हिस अनेक आशीर्वाद.

हातात पाना असल्याशिवाय तू मला तू वाटत नाहीस, म्हणून हे नाव. त्याचा माझ्या डोळ्यांशी संबंध नाही.

शब्द आहे 'अतल्या'. मूळ बाबिलोनी लोकांचा 'अत्तलू', म्हणजे निव्वळ ग्रहण. त्यांच्याकडून तो अरामीत आला. तिथे त्याचा आभाळातला अजगर झाला, सूर्यचंद्रांना झाकणारा. पुढे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते दोन बिंदू या अजगराचं डोकं आणि शेपूट ठरले. आता सांग, पहिला अर्थ कोणता लिहू? घटना, प्राणी की जागा? चुकलो तर कोश माझ्यामागेही चुकलेलाच राहील. एवढी नोंद झाली की डोळ्यांचं बघू.

पट्टी काढली आणि तरीही अंधारच असला तर?

साखर नवी आणली आहे. लोभ असावा, उपदेश नसला तरी चालेल.

१३ जून

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

सोबतच्या खोक्यात तारेच्या दोन कड्या आहेत, एकीत एक अडकवलेल्या. गुळगुळीत कडी सूर्याची वाट, पीळ असलेली चंद्राची. त्या छेदतात तिथे बोट ठेवा. ग्रहण होतं ते तिथेच किंवा आसपास. अजगराचा मुक्कामही तिथलाच. तेव्हा तिन्ही अर्थांचं आपसात भांडण नाही. राहिला क्रम. तुमच्या कोशात सगळीकडे जुना अर्थ आधी येतो. हा नियम मी शाळेत असताना तुम्हीच मला शिकवलात. म्हणजे शब्द अडलेलाच नव्हता.

अंधाराची ती ओळ तुम्ही खोडायला गेलात. रेघ खालच्या कोऱ्या जागेवर पडली, म्हणून ती मला वाचता आली.

तिचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं. किती क्वचित, तेही मी विचारून ठेवलं आहे. हवं तर सांगेन. पट्टी काढतील तेव्हा मी समोर बसलेली असेन, हातात पाना घेऊन.

तारीख चोवीस जून घेतली आहे. होय की नाही, एवढंच वीस तारखेपर्यंत कळवावं. अक्षर कसंही आलं तरी चालेल.