चौथा ड्रायर ओ देत नाही

४ नोव्हेंबर

आले एकदाची. धाकटी न्यायला आली होती. माझी बॅग हिसकावून घेत म्हणाली, ताई, यात कपडे आहेत की तुझी यंत्रं. दोन्ही होतं. आई गेल्यापासून आम्ही दोघी बहिणी एका छपराखाली राहिलो नव्हतो. तिने दोन खोल्यांपैकी खिडकीची मला दिली, उशीला नवा अभ्रा घातला. ती काम करते त्याच लाँड्रीत मला कंट्रोल रूमची नोकरी लागली आहे. दवाखान्यांच्या चादरी येतात, सहा ड्रायर आहेत आणि एकेकाचा ड्रम खोलीएवढा. तरी रात्री माझ्याशेजारीच येऊन झोपली; झोपेत ती अजूनही लाथा मारते.

६ नोव्हेंबर

प्रत्येक ड्रायरचा कंट्रोलर केबलने माझ्या खोलीशी जोडलेला. इथून सुरू म्हटलं की दार आपोआप मिटतं आणि ड्रम फिरू लागतो. संपर्क नसेल तर आदेश वाटेत थांबून राहतो. पाच ड्रायर शहाण्यासारखे वागतात, चौथा मधेच गप्प होतो. हाक मारली तर ओ देत नाही, त्याच्या पॅनेलवरचा हिरवा दिवा विझतो, आणि थोड्या वेळाने स्वारी आपणच परत येते. साहेब म्हणाले, याच्यापुढे तुमच्या आधीच्या दोघांनी हात टेकले. मला असली दुखणी आवडतात.

९ नोव्हेंबर

केबल बदलली, पोर्ट बदललं. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता चुकून दुसऱ्या यंत्राला दिलाय का, तेही पाहिलं. मोटरच्या वायरींपासून केबल लांबून फिरवून आणली. फरक शून्य. धाकटी डबा द्यायला आली तेव्हा म्हणाली, आधी घरची इस्त्री बघ, तिचा झटका बसतो.

१२ नोव्हेंबर

आज चौथ्यासमोरच ठाण मांडलं. ड्रममध्ये धाग्यांचा कचरा साचतो, तो काढायला बायका आत शिरतात. बाई आत गेली की दिवा विझतो आणि बाहेर आली की लागतो. वजनाने केबल दबत असेल म्हणून ओल्या चादरींचे गठ्ठे आत टाकले, तर दिवा जळत राहिला. मग मोटरचा मेन स्विच बंद करून मी शिरले. कंट्रोलरची वीज वेगळी, त्याला फरक पडायला नको. तरी विझला. आत ऊब होती. पाठीमागे दाराशी कुणी उभं आहे असं वाटलं, पण वळून पाहिलं तर नुसता गोल उजेड.

१३ नोव्हेंबर

घड्या घालणाऱ्या काकींना विचारलं. एकच चादर कितीतरी वेळ झटकत राहिल्या, मग सांगितलं. इथला मिस्त्री त्यांचा नवरा होता. चौथ्यात शिरताना तो मेन स्विच बंद करत नसे, केबल उपसून बाहेर लोंबत ठेवायचा. त्या दिवशी काकी त्याला जेवायला बोलवायला आल्या, लोंबती केबल पाहिली, सुटली असेल म्हणून खोचून दिली. सुरू करायचा आदेश वाट बघत थांबलेलाच होता.

आता तोच केबल धरून ठेवतो, असू दे, म्हणाल्या. पण भिंतीवर ठळक लिहिलंय की मेन स्विच बंद केल्याशिवाय आत जाऊ नये. माणसांचे जीव त्याने वाचतात. बंद पडणाऱ्या केबलने नव्हे.

१५ नोव्हेंबर

साहेबांची घाई. छतावरून दुसरी केबल टाकली. एक गप्प झाली तर दुसरी बोलेल. मेन स्विच बंद केला, आत जाऊन बसले, दिवा जळतच होता. साहेब खूश. काकी माझ्याकडे न बघता निघून गेल्या. धाकटीची आज सुट्टी. घरी आले तेव्हा ती झोपली होती, उठवलं नाही. उद्या कामावरच दाखवीन, बघ तुझा चौथा कसा ओ देतो.

१६ नोव्हेंबर

ती सकाळी आत गेली. मेन स्विच चालू ठेवून.

चौथ्याचा कुणीच बंद करत नाही. तो आपणच गप्प होतो ना. सगळ्याजणींना ठाऊक होतं. मी हसेन म्हणून मला कुणी बोललं नाही. तीसुद्धा.

सुरू मी म्हटलं. दिवा हिरवा होता.

२१ नोव्हेंबर

तिच्या खोलीत झोपते. पाय जवळ घेऊन, तिला जागा ठेवून.

२४ नोव्हेंबर

कामावर गेले. छतावरची दुसरी केबल उपटून ठेवली. काकी आधी आत जाऊन बसल्या. दिवा जळत राहिला. बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाल्या, तो गेला गं. तू दुसरी वाट बांधलीस, त्याचं काम संपलं.

मग मी बसले.

विझला.

२६ नोव्हेंबर

रोज दुपारी बसते. मेन स्विचला हात लावत नाही. तो बंद केला तर ती कशाला येईल. काकी ओरडतात, वेडी झालीस का, म्हणतात. पण आत ऊब असते. दाराशी ती. काल पाठीवर हात — नाही, हात म्हणता येणार नाही —

२७ नोव्हेंबर

चौथा पुन्हा गप्प होतो अशी तक्रार. साहेब बाहेरचा माणूस आणणार आहेत. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, तुम्ही थोडे दिवस घरी थांबा.

कुठल्या घरी.

२८ नोव्हेंबर

आत आहे. वही मांडीवर. गोल दारातून पॅनेल दिसतं. दिवा विझलेला. आहे ती.

तो बाहेरचा माणूस मघाशी कंट्रोल रूममध्ये चौथ्याचं सुरूचं बटण दाबून बघत होता. आता शिडीचा आवाज. छतावर चालतंय कुणी, दुसऱ्या केबलच्या वाटेने. काकी लांबून हाका मारतायत, पोरी, अगं पोरी — धावतायत बहुतेक —

दिवा लुकलुकला. गेला. परत —

धर गं. हात दुखत असेल तर — सोड, चालेल, मी रागावणार —

हिरवा

दार