चुन्याच्या घरातला फोन

४ मार्च
लष्कराच्या छावणीच्या पलीकडं प्लॉटिंगवर चुना टाकतोय. परवा जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं आता चाळीस फुटी रस्ता, नुसता पांढरा. आभाळाकडं बघत चाललो की रेघ वाकते. आज एका रस्त्याला नदीचं वळण आलं. मुकादम : "गटार काढतो का बे?"
छातीतलं आहेच. उभं राहिलं की आत कोणीतरी चालायला लागतं. मागच्या दुष्काळात मेंढरं विकली तेव्हापासून. हे तिसरं काम.

६ मार्च
मोबाईलवर जाहिरात : मनातलं बोला, सहा फोन फुकट. फॉर्म भरला. शिक्षण : नववी, अर्धी. 'बोलायला एकांत जागा आहे का?' होय केलं. खोटं. दादा, वहिनी, दोन पोरं अन् मी, खोली एक. मोबाईलही दादाचा न् माझा मिळून.

९ मार्च
शनिवार. पहिला फोन. मुकादम जेवायला गेला तेव्हा प्लॉट ४१ मध्ये उरलेल्या चुन्यानं घर आखलं. बैठक, आत एक खोली. दाराला जागा सोडली अन् तिथूनच आत गेलो. रेघ ओलांडवंना.
फोनवर एक बाई, पुस्तकातल्यासारखं बोलतात. मी 'लई' गिळत होतो. म्हणाल्या, "घरी बोलता तसंच बोला." मग बोललो. भिंतींतून वारा आरपार.

१६ मार्च
दुसरा. टेम्पोत मेंढरं चढवली ते सांगितलं. तेव्हा रडलो नव्हतो. आज...
लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, ऊन लागलं.

२३ मार्च
घोटाळा. मोबाईल दादाकडं राहिला, घरी. बाईंचा फोन वहिनीनं घेतला, स्पीकरवर. आमच्यात फोन स्पीकरवरच घेतात. मेंढरांमागं रानोमाळ असताना एकाचा फोन म्हणजे सगळ्यांचा, गावची खबर सगळ्यांनी ऐकायची. बाई एवढंच म्हणाल्या, "ते आहेत का? नंतर करते."
वहिनी : "भावजी, आवाज गोड आहे. कोणाची?"
दादा : "आपल्यातली हाय का पन?"
मी गप. ते म्हणजे व्हय, असं धरलं त्यांनी.
खरं सांगितलं तर? धाकट्या बहिणीची सोयरीक अर्ध्यावर आलीय. भाऊ डोक्यानं कमी म्हटलं की पाहुणे माघारी फिरतील. पोरगी फिरवतो म्हटलं तर हसतील, फार तर मारतील. तेच बरं.

३० मार्च
तिसरा. बाईंना सगळं सांगितलं. हसू दाबलं त्यांनी, ऐकू आलं. मग म्हणाल्या, "घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. घाई नाही."
मधेच घार दिसली, तिच्यामागं बघत बसलो.

५ एप्रिल
आई गावाकडनं, पिशोरहून आली, पिठाचं गठुडं घेऊन. विहीर आटली, टँकर आठ दिवसाला. हे सगळं सांगून झाल्यावर : "तिला बघायचीय मला."
म्हटलं, नुसता आवाजच असतो.
"मग ऐकीन."

६ एप्रिल
आईला ४१ वर नेलं. न सांगता दारातूनच आत आली. सांगून टाकलं : पोरगी नाय. मनाचं बघणारी बाई हाय. मी बरा नाय, आई.
ती ढेकूळ फोडत बसली. मग, "तुझ्या बापाला बी व्हायचं. आम्ही अंगारा लावायचो." थोड्या वेळानं, "धाकटीचं होईस्तोवर बोलू नको कुठं."
तेवढ्यात फोन वाजला. "आण हिकडं." घेऊन आतल्या खोलीत गेली, पाठ फिरवून, कानाला लावून. मी बैठकीत. वारा उलटा, शब्द येत नव्हता. पाऊण तास. एकदा पदर डोळ्याला.
"काय बोलली?"
"ते माझं न् तिचं."

८ एप्रिल
आई आज जायची होती. पिशवी भरली, परत सोडली. वहिनीला म्हणाली, "शनिवार करून जाते." वहिनीला वाटतंय पोरीचं घर बघायला जाणार, तिनं आपलं चांगलं लुगडं आईला काढून ठेवलंय.
दोन फोन राहिलेत. शनिवारचा तिचा का माझा, हा विषय आम्ही दोघंही काढत नाय.