हरकत असेल तर

हॅरोज क्रॉसिंग, न्यू हॅम्पशायर
९ जानेवारी २००८

प्रिय मर्सी,

तू सुखरूप आहेस असं गृहीत धरते. तू कळवतच नाहीस, म्हणून ही सोय.

इकडे हिमवर्षाव यथास्थित. पक्षापक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक काल उरकली. राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक महिनाभर गावात पॅनकेक्स खात होते. आज औषधालाही एक नाही. एकाने माझ्या लॅटिनच्या वर्गाची मुक्तकंठाने स्तुती केली. वर्ग तीन वर्षांपूर्वीच बंद पडला, हे सांगून मी त्याचा रसभंग केला नाही.

मतदारयादी यंदाही माझ्याकडेच. ऑरिन आला होता. त्याला अजून तुझा नवरा म्हणायचं की नाही, ते तू ठरव. ओरीच्या अंत्यविधीनंतर तो प्रथमच घराबाहेर पडला.

यादीच्या टेबलाशी विनिफ्रेड होती, गावात नवी. नाव मोठ्याने पुकारायचं, हरकत असेल त्याने तिथेच घ्यायची, ही आपली जुनी रीत.

“ऑरिन टिबेट्स, ज्युनियर!” ती ओरडली. “पन्नाशीतही ज्युनियर? मजा आहे बुवा तुमची!”

यादीत तेवढंच नाव होतं. बाप-लेक एकाच नावाचे, एकाखाली एक. डिसेंबरात लेकाच्या, ओरीच्या नावावर काट मारायची होती, ती बापाच्या नावावर पडली.

सभागृहात साठेक माणसं होती. सगळी ओरीला पोहोचवायला आलेली.

“तुम्हीच ना ते?”

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. “हो. मीच.”

मग त्याने ओरीच्या पक्षाची मतपत्रिका मागितली. पोराचं हे पहिलंच मत असतं. त्याच पक्षाचा फलक ओरीने अंगणात रोवला, म्हणून ऑरिन त्याला “चालता हो” म्हणाला, आणि पोर गाडी घेऊन बर्फात निघालं. फलक अजून तिथेच आहे. ऑरिन रोज त्याच्यावरचा बर्फ झाडतो.

कुणीही हरकत घेतली नाही. शेजाऱ्याच्या कोंबडीवरही हरकत घेणारा म्हातारा एबेन आपले बूट बघत राहिला.

संध्याकाळी यादी खरी असल्याची सही मी केली. हा गुन्हा आहे; त्याचा आणि माझाही.

आणि काट चुकून पडली नाही, मर्सी. चष्मा होता, उजेडही होता. ओरीच्या नावावर हातच चालेना. ऑरिन काही मत द्यायला येत नाही, असं वाटलं, म्हणून त्याच्या नावावर मारली.

नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी ती काट मारावीच लागेल. माझ्याने एकटीने होणार नाही. त्याच्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये. माझ्याशेजारी बस.

तोवर यादीप्रमाणे तुझा मुलगा काल मत देऊन गेला.

हरकत असेल तर कळव.

तुझी थोरली बहीण,
हेस्टर