रोबोटच्या दिव्याला नमस्कार

बुधवार, तिन्हीसांजेला

टीव्हीवर मुलांचा जुना सिनेमा लागला होता, पत्र्याच्या अंगाच्या मायाळू रोबोटचा. विकास लहान असताना आम्ही मायलेक तो पाहायचो. मी एकटीच, म्हणून खोलीतला लाइट अजून लावला नव्हता. रोबोटच्या छातीतला दिवा पेटला आणि दिवेलागणीच्या सवयीनं माझे हात जोडले गेले! टीव्हीतल्या दिव्याला नमस्कार! हसू आलं, पण सोबत हसायला कोणी नाही. मग विकासला पुण्याला फोन लावला.

"आई, मीटिंग चालू आहे. काही काम होतं का?"

"काम नाही गा बाबू. तुले तो पत्र्याचा रोबोट आठवते का?"

"कोणता वं आई? उद्या करतो ना फोन."

काम नव्हतं तर केला काहून मी फोन? तो छातीतला दिवा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. सांगायचं राहूनच गेलं.

नंतर देवापुढे बसले. पोराला नोकरी दिली, तब्येत दिली, मागायला काही उरलं नाही. तरी म्हटलं, उद्या त्याला फोनची आठवण दे. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला मधे घालावं लागलं, याचंच वाईट वाटलं.