ओटीपी कोणाला दिला

सोमवार, संध्याकाळ

"ओटीपी कोणाला दिलास?" सातपूरच्या युनियन ऑफिसात अध्यक्ष अण्णांनी दोन्ही गटांसमोर विचारलं, आणि तिथेच माझं सगळं बदललं. युनियनचं फेसबुक पेज मीच काढलेलं, म्हणून लॉगिनचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो. काल विरोधी गटातल्या वैशालीने फोन करून मागितला आणि मी दिला. तिचा पहिलाच फोन होता! तासाभरात पेज त्यांच्या ताब्यात गेलं. आता आमचा गट म्हणतोय, हॅक झालं, पोलिसांत जाऊ.

"बोल ना, अर्धवट इंजिनिअर!" मागून कोणीतरी ओरडलं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्याचा हा टोमणा ऐकून एरवी कॉलरच धरली असती. पण वैशालीचं नाव घेतलं तर पोलीस केस होऊन तिची नोकरी जाणार. पहिलाच फोन... फक्त ओटीपीसाठीच केला असेल का?

"हॅक-बिक काय नाय. मीच पेज त्यांना दिलं."

"मग ऑफिसची चावी ठेव अन् निघ," अण्णा म्हणाले.

वैशालीने मान वर केली नाही. मी चावी ठेवली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.