शेजारची किल्ली

७ ऑक्टोबर २००२, अर्विंग

अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेच्या प्रश्नांनी डोकं उठलंय. राजीव ऑफिसातून येतो आणि बूट काढायच्या आधी परीक्षा घेतो— नवरा की हेडमास्तर! "पद्मजा, बिल ऑफ राइट्समधले तीन हक्क?" बोलायचा. देवधर्माचा. आणि वॉरंटशिवाय घराची झडती नाही. हा तिसरा मला फार आवडतो. दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय लेकांनी, सरकारनं उंबऱ्याबाहेर थांबायचं! आपल्याकडे हवालदार थेट स्वयंपाकघरात.

संध्याकाळी शेजारी जाऊन नसीमाच्या कढीपत्त्याला पाणी घातलं. ती आणि रफीकभाई चिपळूणला, तिच्या बहिणीच्या लग्नाला गेलेत. किल्ली नेहमीसारखी माझ्याकडे.

१५ ऑक्टोबर

दोन सरकारी माणसं आली. टाय, ओळखपत्रं, अगदी नम्र. आत येऊ का, म्हणाले. "हो हो, या ना, बसा!" दारात कुणाला ताटकळत ठेवायची सवयच नाही ना आपल्याला. चहा टाकला, चिवडा दिला. चहाचं कौतुक झालं. मग हळूच रफीकभाईंवर आले— शुक्रवारी घरी कोण येतं? गावी पैसे पाठवतात का? मी म्हटलं, फार चांगली माणसं हो, घराची किल्लीसुद्धा माझ्याकडे ठेवून जातात!

जीभ का नाही झडली माझी.

"उघडून दाखवाल?" वॉरंट हा शब्द मनातसुद्धा आला नाही. वाटलं, एकदा बघतील, खात्री पटेल, संपेल. मीच कुलूप उघडलं. कॉम्प्युटर नेला, कागदांचं खोकं नेलं. नसीमाच्या लग्नाचा अल्बमसुद्धा! जाताना मला थँक यू म्हणाले.

१६ ऑक्टोबर

राजीव म्हणतो, "बरं केलंस. आपल्याला काय लपवायचंय?"

अरे, पण घर तिचं होतं!

२७ ऑक्टोबर

नसीमा एकटीच परत आली. रफीकभाईंना एअरपोर्टवरच धरलं. कुठे ठेवलंय, कशासाठी— कुणी सांगत नाही. माझ्या गळ्यात पडून रडली. "घर धुऊन नेलं गं! आणि कुलूप मात्र शाबूत."

सांगणार होते. देवाशपथ, सांगणार होते. राजीवनं डोळ्यांनीच दटावलं. ती गेल्यावर म्हणाला, "इंटरव्ह्यू होईपर्यंत गप्प बस यार. उगाच आपलंही नाव कुठेतरी लागायचं."

बसले गप्प. म्हणे बोलायचा हक्क!

५ नोव्हेंबर

पास झाले. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी नेमके तेच तीन हक्क विचारले. घडाघडा म्हणून दाखवले, झडतीचासुद्धा. "व्हेरी गुड!" राजीवनं पेढे आणले. नसीमाच्या घरी द्यायचा धीर झाला नाही. स्वतःची लाज वाटते.

८ नोव्हेंबर

रफीकभाईंचा पत्ता नाही. वकील फोन उचलत नाही.

९ नोव्हेंबर

सकाळी नसीमा आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "त्या अपार्टमेंटच्या मॅनेजरनंच उघडून दिलं असणार, दुसरं कोण? त्याला न विचारता कुलूप बदललं मी. ही नवी किल्ली. फक्त तुझ्याकडे ठेवतेय."

मी घेतली.